टाचणीबाईचा लॅपटॉप

आमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाईला मी टाचणी म्हणते. तोंडावर म्हणते, माघारी म्हणते, तिच्या नवऱ्यासमोरही म्हणते. कारण उघड आहे. दिवसातला बराचसा वेळ तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे तिचं सगळं बोलणं "हं", "अंहं" आणि "उद्या" एवढ्यात उरकतं. यातला "उद्या" खास गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेला. माझे बैठकीच्या खोलीचे पडदे त्या "उद्या"मध्ये इतके दिवस लोंबकळताहेत की खिडकीला आता उघडं राहायची सवय लागली आहे.

माझ्या तोंडात टाचण्या नसतात, म्हणून आमचं दोघींचं जमतं. ती शिवते, मी बोलते, आणि संध्याकाळपर्यंत दोघींची कामं पुरी होतात.

शिवण शिकायला ती कुणाकडे गेली नाही. लहानपणी घरात आत्याचे जुने कोट पडलेले असायचे, ते ही पोर उसवत बसायची. आईला वाटायचं, पोरीला नासधुशीची खोड आहे. तिला बघायचं असायचं की कॉलर मानेभोवती बसते कशी, बाही खांद्यात जाते कशी. उसवलेलं ती परत जोडून ठेवायची आणि आत्याला पत्ताही लागायचा नाही. लग्न होऊन इथे आल्यावर आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांची बटणं लावली, मग पँटींची उंची कमी केली, आणि बघता बघता शाळांचे गणवेश तिच्या पुढच्या खोलीतून निघायला लागले. एका बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यातून तिने मोटरचं मशीन आणलं. लोखंडी, अवजड, आणि सुरू झालं की मजलाभर भूकंप. आमच्या फडताळातल्या कपबशा थरथरायला लागल्या की मी समजते, टाचणी कामाला बसली. थरथर थांबली की समजते, हिच्याकडे कुणीतरी आलं. मग मी सहज म्हणून दारात जाऊन उभी राहते.

टाचणीची रीतच तशी आहे. दारात माणूस दिसलं की तिचा पाय पॅडलवरून निघतो. मशीन बंद. कापडाची घडी. हाताने टेबल पुसायचं, खुर्ची पुढे करायची, कॉफीचं आधण ठेवायला आत जायचं. आलेल्या माणसासमोर मशीन खडखडवणं म्हणजे तिच्या लेखी त्याच्या तोंडावर दार आपटणं. मी सोडून. माझ्यासमोर ती खुशाल शिवते, कारण मला ती माणसात धरत नाही.

तर या बाईच्या डोक्यात शिक्षिका व्हायचं फार जुनं वेड. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक शिवण-प्रशिक्षण संस्था आहे. तिथे तिने पूर्वी अर्ज केला होता. प्रमाणपत्र नाही म्हणून त्यांनी आत घेतलं नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. या वर्षी संस्थेने नियम बदलला: प्रमाणपत्र नसलं तरी चालेल, तासाभराचं प्रात्यक्षिक द्या. पण वयाची अट तशीच ठेवली, आणि टाचणी त्या अटीच्या अगदी काठावर उभी. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी.

प्रात्यक्षिक घरूनच द्यायचं होतं, कॉम्प्युटरवरून. आधी पडद्यावर कागदी नमुन्याचा आराखडा उघडून दाखवायचा, परीक्षक सांगतील तसा तो तिथल्या तिथे बदलायचा, मग कॅमेऱ्यासमोर शर्टाची कॉलर शिवायची, शेवटी प्रश्न. उमेदवार ढीगभर, त्यामुळे मध्येच संपर्क तुटला तर तो उमेदवार बाद. तसं स्पष्ट कळवलेलं होतं.

मोबाईलवर का नाही, असं तुम्ही विचाराल. आराखड्याचा प्रोग्रॅम मोबाईलवर चालत नाही. दुसऱ्याचा लॅपटॉप मागून आणावा, तर तो प्रोग्रॅम फक्त हिच्याच लॅपटॉपवर घातलेला. आमच्या घरी एक आहे, पण तो आमच्या ह्यांच्या ऑफिसचा. त्यावर परकं काही घातलं तर नोकरी जाईल असं ह्यांचं म्हणणं. मी नुसता हात लावला तरी जाईल, असाही त्यात एक पोटनियम आहे.

टाचणीचा लॅपटॉप तिच्या लेकीने जाताना मागे ठेवलेला. लेक परगावी नोकरीला. तिने फोनवरून आईला आराखडे काढायला शिकवलं आणि आई इतकी रमली की शिवणाच्या टेबलावरच लॅपटॉपची जागा झाली, मशीनच्या उजव्या हाताला. आणि प्रात्यक्षिकाची तारीख ठरली त्याच सुमाराला त्या लॅपटॉपने रंग दाखवायला सुरुवात केली. चांगला चाललेला असायचा आणि मध्येच गोठायचा. चित्र जागच्या जागी, बाण हलत नाही, कुठलंही बटण दाबा, ढिम्म. कधी गोठण्याचेही कष्ट घ्यायचा नाही, एकदम काळोख. पुन्हा चालू केला की जणू काही झालंच नाही.

आता अशा वेळी ज्याला त्याला मत असतं.

तिच्या नवऱ्याला, म्हणजे भावजींना, व्होल्टेजचा संशय. ते विजेचे मीटर वाचत दारोदार हिंडतात. जगातलं कुठलंही दुखणं त्यांना विजेच्या दाबाशी नेऊन जोडता येतं, माझी पाठदुखीसुद्धा. त्यांनी लॅपटॉपशेजारच्या प्लगला एक दिवा लावला आणि त्याच्याकडे एकटक बघत बसले. बसले म्हणजे किती, तर दोन मिनिटं. भावजींच्या पायाला भिंगरी आहे. एका जागी उभं राहायचं म्हटलं की त्यांना अंगावर मुंग्या चढल्यासारखं होतं. लेकीने परगावाहून व्हायरस ठरवला आणि तिथूनच लॅपटॉपच्या पोटात शिरून अख्खी सुट्टी घालवून सफाई केली. काही सापडलं नाही. मी म्हटलं, त्याला या घरातल्या शांततेचा कंटाळा आला असेल, माझ्याकडे आणून ठेवा. माझं कुणी ऐकलं नाही.

मग माझंच लक्ष त्याच्या कपड्यांकडे गेलं. टाचणीच्या घरात उघडी वस्तू राहत नाही. मिक्सरला झबलं, रिमोटला पिशवी, शेगडीला झालर. लॅपटॉपला तिने खालून कापूस भरलेलं जाड अस्तर शिवलं होतं, टेबलाचा गारवा लागू नये म्हणून. त्या अस्तराने खालची हवेची जाळी पार बुजलेली. लॅपटॉप तव्यासारखा तापत होता आणि ही त्याला पांघरूण घालत होती. अस्तर काढलं. तो दिवस चांगला गेला. टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढून माझ्याकडे बघून हसण्याइतका चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काळोख.

म्हणून तो दुरुस्तीवाल्याकडे गेला. कोपऱ्यावरच्या दुकानातला हा जाडजूड गृहस्थ, यंत्रांशी बोलतो आणि माणसांशी फारसा नाही. आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो. त्याने खालचं झाकण उघडलं आणि चिमट्याने पंख्यातून जे ओढून काढलं ते बघून मी सुद्धा गप्प झाले. दोऱ्यांच्या कोंड्याची गादीच तयार झाली होती. थर होते तिला: निळा गणवेशांचा, मधे कुणाच्या तरी लाल स्वेटरचा, खाली काळ्या कोटांचा. आमच्या गल्लीने वर्षभरात काय काय अंगात घातलं ते सगळं त्या पंख्याने गिळलेलं. डॉक्टरने पंखा साफ केला, त्याखाली ताजा लेप लावला, आणि दिवसभर चालवून बघितला. एकदाही अडकला नाही.

घरी आणला. दुपारपर्यंत अडकला.

परत दुकानात. तिथे पुन्हा गुणी बाळ. डॉक्टर वैतागला. म्हणाला, ताई, माझ्याकडे हा उत्तम चालतो, तुम्ही घरी नेमकं करता काय याचं? टाचणी म्हणाली, शिवते. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण याचं काय करता? ती गप्प. तिला वाटलं, हा आपल्याला अडाणी समजतोय. त्याला वाटलं, ही काहीतरी लपवतेय. मी मधे पडणार होते, पण दोघांनीही माझ्याकडे एकाच वेळी बघितलं.

एव्हाना हाताशी फार दिवस उरले नव्हते, आणि त्यांच्या घरातलं वातावरण नव्या चपलेसारखं चावत होतं. एका संध्याकाळी भावजी जेवता जेवता म्हणाले, दोन बसा बदलून जायचं, अंधार पडल्यावर यायचं, घरबसल्या चाललंय ते काय वाईट आहे. वर म्हणाले, "लॅपटॉपलाही कळतंय ते." मी तिथेच होते, साखर मागायला गेले होते. टाचणी ताटावरून उठली, टेबलाशी गेली आणि डबीतून टाचण्या काढून एकेक ओठांत धरायला लागली. शिवायला हातात काही नव्हतं. मी साखर न घेताच घरी आले. माझ्यासारखीला हे जमलं, यावरून समजा.

प्रात्यक्षिक दुपारी, आणि त्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः तिच्या घरी आला. म्हणाला, आजार घरात होतो तर घरातच बघू. तो दारात दिसला आणि आमच्या कपबशा गप्प झाल्या. मी लगोलग हजर. टाचणीने रीतीप्रमाणे मशीन बंद केलं होतं, टेबल पुसलं होतं, खुर्ची दिली होती, कॉफी आणून ठेवली होती. डॉक्टर लॅपटॉपसमोर बसला. चित्रं लावली, आराखडे उघडले, बंद केले, प्लग या भोकातून त्या भोकात घातला. लॅपटॉप मजेत. टाचणी भिंतीला टेकून हात जोडल्यासारखी उभी. तिच्या गळ्यातली मोजपट्टी श्वासाबरोबर वरखाली होत होती. घड्याळ पुढे सरकत होतं आणि खोलीत पंख्याच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता.

डॉक्टरने कॉफी संपवायला घेतली. म्हणजे आता उठणार. टाचणीच्या तोंडचं पाणी पळालेलं मला दिसत होतं. हा उठून गेला की दुपारी ती त्या आजारी जनावराच्या भरवशावर एकटी.

मला असली शांतता सोसत नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले. म्हटलं, "अगं, नुसती उभीच आहेस तर माझ्या पडद्याला एक शिवण तरी मार."

तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही. पण रागाच्या भरात तिने खरोखरच कोपऱ्यातला पडदा ओढला, मशीनवर बसली आणि पाहुण्यासमोर पॅडल दाबलं. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. मशीन धडधडलं, जमीन थरथरली, पडदा सरसर पुढे पळाला. डॉक्टरच्या कपातल्या कॉफीवर बारीक बारीक वर्तुळं उठली. तो त्या वर्तुळांकडे बघत राहिला. मग त्याने पडद्याकडे बघितलं, म्हणजे लॅपटॉपच्या. बाण गोठला होता.

"थांबू नका ताई," तो म्हणाला. "चालवा. अजून चालवा."

ती चालवत राहिली. लॅपटॉपवर आडव्यातिडव्या रेघा उमटल्या आणि काळोख झाला.

त्यानंतर तो माणूस यंत्रांशी बोलतो तितक्याच मायेने टाचणीशी बोलायला लागला. लॅपटॉप उलटा करून त्याने झाकण काढलं. आत स्मृतीची एक पातळ पट्टी असते, ती जिथे अडकवतात तिथली एका बाजूची पकड तुटली होती. टेबल हादरलं की पट्टी जागची सुटायची, आणि लॅपटॉपला वेड्यासारखं व्हायचं. शिवाय बॅटरी कधीच कामातून गेलेली, चार्जरची पिन ढिली. तीही हादऱ्याने निसटायची, की काळोख. अस्तर आणि कोंडा यांनी ताप चढवला होता तो वेगळाच. म्हणजे एकाच रोग्याला तीन रोग, आणि त्यातले दोन फक्त मशीन चालू असतानाच दिसणारे. आणि जो कोणी रोगी तपासायला यायचा त्याच्या मानासाठी ही बाई आधी मशीन बंद करायची.

टाचणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होती की रडत होती, मला भिंतीपलीकडून नेहमी कळतं, समोरून कळलं नाही.

सापडला म्हणजे सुटला असं नव्हे. नवी पकड मिळायला आठवडा, बॅटरीला त्याहून जास्त. डॉक्टरने पट्टी घट्ट बसवली आणि वर दाबाला काहीतरी पातळ, कडक हवं म्हणाला. टाचणीने कॉलरमध्ये घालायच्या बकरमचा तुकडा कापून दिला. तो नेमका बसला. पण हादरे बसत राहिले तर हेही टिकणार नाही, असं त्याने बजावलं. मग लॅपटॉप टेबलावरून उचलून स्टुलावर ठेवून बघितला. मशीन सुरू केलं, स्टूल थरथरलं, बाण गोठला. इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, तेच. भिंतीतल्या फळीवर ठेवला, तेच. भिंत आमचीही आहे, ती किती थरथरते ते मला विचारा. उशीवर ठेवला तर हादरा लागेना, पण जाळी बुजून पंखा किंचाळायला लागला.

डॉक्टर घाम पुसत म्हणाला की लाकूड हादरा पुढे पाठवतं, माणसाचं अंग तो आत जिरवतं. कुणीतरी हातात धरून उभं राहिलं तर होईल. तासभर. न हलता. चार्जरची पिन अंगठ्याने दाबून.

मी लगेच हात पुढे केले. टाचणी म्हणाली, "तू गप्प राहशील का तासभर?" मी हात मागे घेतले. डॉक्टरचे हात यंत्रांच्या बारीक कामाने कापरे झालेले, ते त्याने स्वतःच सांगितलं.

तेवढ्यात दारात भावजी. जेवायला आले होते.

 डॉक्टरनेच सगळं सांगितलं, शिंप्याच्या घरी उभा राहून शिंप्याचं काम समजावल्यासारखं, सविस्तर. भावजी ऐकत होते आणि एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर टाकत होते. या माणसाला ही नोकरी नको होती. या माणसाला बसच्या थांब्यावरही उभं राहवत नाही, पुढच्या थांब्यापर्यंत चालत जातो. आणि आता बायकोचं नशीब त्यांच्या अंगठ्याखाली द्यायचं. टाचणीने त्यांना विचारलं नाही. ती मशीनच्या सुईत दोरा ओवत राहिली, ओवलेला काढून पुन्हा ओवत राहिली.

भावजींनी पिशवी खुंटीला अडकवली, बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "कुठे उभा राहू?"

वेळ झाली. टाचणी मशीनवर. तिच्या उजव्या अंगाला भावजी, दोन्ही हातांत लॅपटॉप कडेने धरलेला, खालची जाळी मोकळी, उजवा अंगठा पिनवर. मी आणि डॉक्टर दाराआड. डॉक्टर दुकान बंद ठेवून आला होता. म्हणाला, तिथे बसून काय करू, चैन पडणार नाही.

पडद्यावर परीक्षक मॅडम उजळल्या, शेजारी आणखी कुणी कुणी. त्यांनी आराखडा उघडायला सांगितला. टाचणी नवऱ्याच्या हातातल्या लॅपटॉपवर बोटं चालवायला लागली, आणि मॅडमनी सांगितलं तशी कॉलर रुंद केली, मानेचा घेर वाढवला. इतक्या जवळ ते दोघं मला गेल्या कित्येक वर्षांत दिसले नव्हते. मग ती मशीनवर बसली. पॅडल दाबलं. जमीन हादरली. भावजींच्या पँटची टोकं हादरली. मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते, आणि डॉक्टर माझा दंड आवळून उभा होता, ते त्याला कळतही नव्हतं.

बाण हलत होता. चित्र चालू होतं.

टाचणी बोलायला लागली. शिकवायचं म्हणजे बोलायचं, तेव्हा ओठांत टाचण्या नाहीत. त्या मनगटावरच्या गादीत. आणि काय बोलत होती. कॉलरचं टोक पलटताना सुई कुठे थांबवायची, कापड बोटांना काय सांगतं, ओढलं तर रुसतं कसं आणि सैल सोडलं तर पसरतं कसं, हात चुकला तर कितीवर उसवायचं आणि कितीवर सोडून द्यायचं. शांत, सलग, न अडखळता. मी तिची इतक्या वर्षांची शेजारीण, मला वाटायचं आमच्यात बोलणारी मी आहे.

भावजी तिच्याकडे बघत होते. पडद्याकडे नाही, अंगठ्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे. तोंड थोडं उघडं पडलेलं. आणि त्यांचा अंगठा हळूहळू सैल झाला.

लॅपटॉपच्या कडेचा छोटा दिवा विझला.

डॉक्टरने श्वास आत ओढला तो बाहेर सोडलाच नाही. बॅटरीत जीव किती, तर चार श्वासांचा, हे त्यानेच सांगितलेलं. ओरडावं तर आवाज पलीकडे जाणार. मी दाराआडून अंगठा दाखवला, हलवला, स्वतःच्या अंगठ्यावर दुसऱ्या हाताने मारून घेतलं. भावजींचं लक्षच नाही. ते कॉलर ऐकत होते. पडद्याचा उजेड मंदावला. मी काय करणार, पायातली चप्पल काढली आणि त्यांच्या पायावर भिरकावली.

भावजी दचकले. खाली बघितलं. अंगठा पिनवर घट्ट रोवला गेला. दिवा लागला.

चित्र मात्र चांगलंच हललं होतं. मॅडम थांबल्या. म्हणाल्या की कॅमेरा मघापासून वरखाली होतोय, श्वास घेतल्यासारखा, आणि आता तर उडीच मारली. टाचणीने पॅडलवरून पाय काढला. माझी तर पाचावर धारण बसली. आता ही "अंहं" म्हणणार आणि सगळं बुडणार.

"श्वासच घेतोय मॅडम," ती म्हणाली. "माझे मिस्टर हातात धरून उभे आहेत."

पलीकडे कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कारण विचारलं. टाचणीने सांगितलं, सगळं: अस्तर, कोंडा, पट्टी, आणि कुणी बघायला आलं की ती मशीन बंद करत होती म्हणून बिघाड कसा दिसतच नव्हता. सांगताना तिचे कान लाल झाले होते. सांगून झाल्यावर बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं, गोठला. डॉक्टरलाही तेच वाटलं, कारण त्याने डोळे मिटले.

मग मॅडम म्हणाल्या, "वर्गातल्या मुलीही हेच करतात. शिक्षिका जवळ आली की त्यांचे हात थांबतात. चूक दिसत नाही. तेव्हा तुम्ही काय कराल?"

प्रश्न ठरलेल्या प्रश्नांतला होता की त्यांना तिथेच सुचला, मला माहीत नाही. टाचणीने कॉलर टेबलावर ठेवली, हाताने सपाट केली.

"त्यांच्यासमोर उभी राहणार नाही," ती म्हणाली. "शेजारच्या मशीनवर बसेन आणि माझं शिवत राहीन. मी शिवतेय म्हटल्यावर त्यांचे हात थांबणार नाहीत. चुकतील तेव्हा मला आवाजावरून कळेल."

आवाजावरून चूक कशी कळते, असं शेजारच्या कुणीतरी विचारलं. त्यावर टाचणीने त्यांना डोळे मिटायला सांगितलं. परीक्षकांना. आणि तिने दोनदा शिवून दाखवलं, एकदा दोरा नीट ताणलेला, एकदा सैल. मी दाराआड डोळे मिटून ऐकलं. फरक होता. इतकी वर्षं भिंतीपलीकडून मी काय काय ऐकलं, पण हे कधी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी शेजाऱ्यांकडे बघितलं, काहीतरी कुजबुज झाली, आणि त्यांनी नव्या वर्गाला कधीपासून येता येईल ते विचारलं. बाकीचं संस्थेकडून रीतसर कळवू म्हणाल्या. टाचणीने "हं" केलं. मग घाईने "हो, येईन" म्हणाली. पडदा रिकामा झाला.

टाचणी उठली आणि सरळ आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ सुरू राहिला. डॉक्टर तिथेच उंबऱ्यावर बसला आणि त्याने माझा दंड सोडला. दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. मी चप्पल शोधायला खोलीत गेले.

भावजी अजून तसेच उभे होते. दोन्ही हातांत लॅपटॉप, अंगठा पिनवर पांढराफटक पडलेला. समोर पडद्यावर काही नव्हतं, तरी हलायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"ठेवू का आता?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी म्हटलं, ठेवा भावजी, संपलं.

त्यांनी तो अंगावर निजलेलं मूल ठेवावं तसा टेबलावर ठेवला. अंगठा दुसऱ्या हाताने चोळत खिडकीशी गेले, रस्त्याकडे बघत राहिले, आणि आतल्या नळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले की ती दुसरी बस बदलायची गरज नाही, बाजाराच्या मागून एक थेट जाते, संध्याकाळी ती परत यायच्या वेळी ते स्वतः थांब्यावर उभे राहतील.